एकशे पंचेचाळिसावं पान

माझं पुस्तक मीच छापलं, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी तिरकस विचारण्यापेक्षा बरं. पुण्याच्या दोन प्रकाशकांना मी हस्तलिखित पाठवलं होतं. एकाने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने इतकं गोड उत्तर दिलं की तो नकार आहे हे मला तिसऱ्यांदा वाचल्यावर कळलं. मग म्हटलं, गेले उडत. पापड मी घरी करते, लोणचं घरी घालते, पुस्तकही घरचंच होऊ दे.

पुस्तकाचं नाव ‘सतरा नंबरचं क्वार्टर’. रहस्यकथा आहे. खापरखेड्याला वीज केंद्राच्या कॉलनीत आमची अठ्ठावीस वर्षं गेली. मधुकरराव, म्हणजे माझे यजमान, कंट्रोल रूममध्ये होते आणि मी कॉलनीच्या दवाखान्यात केसपेपर काढायला. केसपेपरच्या खिडकीत बसणाऱ्या बाईला जे कळतं ते डॉक्टरलाही कळत नाही. कोणाला झोप येत नाही, कोण ‘पडलो’ म्हणून सांगतं आणि खरं कोणी पाडलं, सगळं तिला माहीत असतं. त्यातूनच कथा सुचली. खरबडे नावाचा सुपरवायझर कॉलनीच्या पाण्याच्या टाकीत मरून सापडतो आणि त्याला कोणी मारलं ते शेवटच्या सोळा पानांत कळतं. मारणाऱ्याचं नाव खरं तर इथे सांगायला नको, पण पुढे सांगावं लागणार आहे, नाइलाज आहे.

निवृत्तीनंतर आम्ही नागपूरला मानेवाड्याकडे राहायला आलो आणि इथे मी लिहायला बसले. पहिलं पुस्तक प्रेसमध्ये गेलं तेव्हा दुसऱ्याची चाळीस पानं लिहून झाली होती. तेव्हाच मी मनाशी एक ठरवलं. जो घरचा नाही, नात्यातला नाही, ज्याला माझ्या हातचा चहा प्यायचा नाही, अशा एका तरी माणसाने हे पुस्तक मनापासून वाचलं तर दुसरं पूर्ण करायचं. नाहीतर साठाव्या वर्षी हा पोरखेळ बंद. एकच वाचक हवा होता, फार मागणं नव्हतं. म्हणून शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत छापायला सांगितलं, ‘पुस्तक वाचून झाल्यावर आपला अभिप्राय अवश्य कळवा’, आणि खाली माझं नाव, माया रेवतकर, आणि मोबाइल नंबर.

छपाई नागपूरच्या महाल भागात झाली. एका बोळात धर्मेंद्रची प्रेस आहे, बाहेर दोन स्कूटर उभ्या राहिल्या की आत जायला आडवं व्हावं लागतं. त्याच्याकडे काजल नावाची मुलगी कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करते. तिने मला तीनदा प्रूफं दिली आणि तिन्ही वेळा मी चष्मा पुसून पुसून एकेक वेलांटी तपासली. शेवटी शेवटी तर खरबडेचं प्रेत टाकीतून वर आलं की मला जांभई यायची. म्हणून तीनशे प्रती घरी आल्या तेव्हा मी वरचा गठ्ठा सोडला, मुखपृष्ठ पाहिलं, वास घेतला, पहिल्या पानावर स्वतःचं नाव वाचलं आणि पुस्तक मिटून देव्हाऱ्यात ठेवलं. पुढे उघडलं नाही. ही चूक माझी, ती मी आधीच कबूल करते.

प्रकाशन आमच्याच भागातल्या एका साहित्य मंडळाने केलं. अध्यक्षांना मी पुस्तक आठ दिवस आधी नेऊन दिलं होतं. ते पंचवीस मिनिटं बोलले. ‘शेवटच्या प्रकरणात,’ ते म्हणाले, ‘लेखिका फांद्या छाटत बसत नाही, ती समस्येच्या मुळाशी जाते.’ टाळ्या पडल्या. मला भरून आलं. एवढं नेमकं बोलणारा माणूस मंडळाच्या अध्यक्षपदावर वाया जातोय असंही वाटून गेलं.

मग संक्रांत आली. वाण काय लुटायचं हा प्रश्न दर वर्षी असतो. प्लास्टिकचे डबे, गाळण्या, साबणदाण्या, सगळं लुटून झालेलं. यंदा मी हळदीकुंकवाला पुस्तकं वाटली. तिळगूळ, पुस्तक, वर एक गुलाबाचं फूल. ऐंशी बायका येऊन गेल्या. ‘मोठं पुस्तक लिहिलं बाप्पा,’ असं म्हणत प्रत्येकीने ते पदराखाली घेतलं. पुढच्या आठवड्यात मी दुसऱ्या एका घरी हळदीकुंकवाला गेले आणि मला वाण म्हणून माझंच पुस्तक मिळालं. मी ते गुपचूप पिशवीत टाकलं. वाण फिरतं, फिरू दे. साबणदाणीही फिरतेच.

बाकी कौतुक मात्र भरपूर झालं आणि सगळं कौतुक शेवटाचं. समोरच्या घरातल्या कांताबाई गेटवरच म्हणाल्या, “शेवट तर तू असा केला ना वं माया, मी थक्कच झाली.” माझी पुतणसून भूमिका बँकेत आहे, तिने फोन केला, “काकू, शेवटी एकदम शॉक दिला तुम्ही.” आणि मधुकरराव. हे रोज सकाळी दोन तास पेपर वाचतात. निविदा सूचना वाचतात, हरवलेल्या माणसांची उंची आणि वर्ण वाचतात. त्यांनी पेपरच्या मागून मला सांगितलं, “शेवट चांगला जमला तुले.” बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्या भाजीलाही एवढं सरळ चांगलं म्हटलेलं नाही. मी त्या दिवशी पुरणपोळी केली.

एकच गोष्ट खटकत होती. फोन येत नव्हता. इतक्या लोकांनी शेवट वाचला, शेवटच्या पानावर नंबर आहे, मग एकाही अनोळखी माणसाला अभिप्राय कळवावासा वाटू नये? मोबाइल मी स्वयंपाकघरातही घेऊन फिरायचे. यायचे ते फोन कर्ज हवं का म्हणून विचारणारे. त्यांतल्या एकीला मी तुम्ही रहस्यकथा वाचता का असं विचारलं, तिने फोन ठेवला.

फेब्रुवारीत एका दुपारी फोन आला.

“ताई, माया रेवतकर तुम्हीच काय जी?”

“हो. आपण?”

“मी नत्थू चरडे. काटोलच्या इकडून बोलून राहिलो. ताई, सुषमाबाईनं मारलं, ते समजलं. पण मारलं कोणाले?”

मी आधी गॅस बंद केला. अनोळखी माणूस. पुरुष. काटोलचा. आणि त्याला मारणारी कोण ते माहीत होतं, म्हणजे शेवटापर्यंत गेला होता. पण मग प्रेत कसं सुटलं याच्या हातून? ते तर चौथ्या पानावरच टाकीत सापडतं.

“भाऊ, तुम्ही पुस्तक वाचलं ना?”

“शेवट वाचला जी. तीनदा वाचला. समोरचं आमच्या पुस्तकात नाही. समोर तर डिंक्या रोग हाये.”

मला काही समजेना. तो सावकाश समजावून सांगू लागला, मीच जरा मंद असल्यासारखा. त्याची संत्र्याची बाग आहे. कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या गजभिये साहेबांनी संत्र्यावरच्या रोगांचं एक पुस्तक स्वतःच्या खर्चाने काढलं आणि शेतकरी मेळाव्यात सगळ्या बागाईतदारांना फुकट वाटलं. नत्थूच्या झाडांना डिंक्या लागला होता, म्हणून तो ते पुस्तक बांधावर बसून नीट वाचत होता.

“एकशे चव्वेचाळीस पानावर खाली लिहिलं हाये,” तो म्हणाला, “डिंक्या लागलेली साल चाकूनं खरवडावी आणि. मी चाकू घेऊनच बसलो होतो. पान उलटलं, तर लिहिलं हाये, ‘होय, मीच मारलं त्यांना.’ हातातला चाकू खाली ठेवला, ताई.”

मी त्याला थांबायला सांगितलं, देव्हाऱ्यातली प्रत काढली आणि पहिल्यांदाच शेवट उघडला. एकशे चव्वेचाळिसाव्या पानावर सगळं ठीक होतं. सुषमाबाई दारात उभी राहिली होती, तिचा आवाज शांत होता, ‘ती म्हणाली,’ इथे पान संपत होतं. पलीकडच्या पानावर ती म्हणाली, ‘त्यावर बोर्डो मलम लावावे.’

त्यापुढे सोळा पानं मूळकूज, पाण्याचा निचरा आणि फवारणीचं वेळापत्रक. शेवटच्या पानावर, ‘बागेविषयी काही शंका असल्यास संपर्क साधावा,’ आणि गजभिये साहेबांचा नंबर. मंडळाचे अध्यक्ष बोलले ते एका अर्थी खरंच होतं. मी अगदी मुळाशी गेले होते.

“ताई, हायेत ना?” फोनमधून नत्थू विचारत होता. “कोणाले मारलं तेवढं सांगा.”

“नंतर सांगते,” म्हटलं आणि फोन ठेवला. मी चप्पल घालून तशीच रिक्षात बसले आणि महालात गेले.

धर्मेंद्रने माझं पुस्तक आणि प्रेसमध्ये उरलेली गजभिये साहेबांची एक प्रत शेजारी शेजारी उघडली, बराच वेळ पाहिली आणि आधी मला खुर्ची दिली. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांनी छापतात, त्या गठ्ठ्याला ते फर्मा म्हणतात. माझं पुस्तक दहा फर्म्यांचं, गजभिये साहेबांचंही दहाच. कागद एक, आकार एक, काजलने अक्षरही एकच वापरलेलं. दोन्ही एकाच आठवड्यात छापून मागच्या खोलीत बाइंडिंगला गेली आणि दोघांचे दहावे फर्मे एकमेकांत बदलले.

बाइंडर दादाजी मागे फरशीवर बसून सुई ओवत होते. सत्तरीचा माणूस, बोटांना खळ वाळलेली. मी माझं पुस्तक त्यांच्यापुढे धरलं.

“दादाजी, हे काय केलं?”

त्यांनी पुस्तक हातात घेतलं, आधी पाठ तपासली, मग शिलाई ओढून पाहिली. “पक्की हाये,” म्हणाले.

“आतलं पाहा ना. सुषमाबाई म्हणते बोर्डो मलम लावा.”

“एकशे चव्वेचाळीस,” त्यांनी बोट ठेवलं. पान उलटलं. “एकशे पंचेचाळीस. नंबर बरोबर हाये. चूक कुठं हाये, बाई?”

“पण वाचून तर पाहायचं.”

दादाजींनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “तीस वर्षं झाली, पुस्तकं बांधून राहिलो. वाचाले बसलो असतो तर बांधलं कोणं असतं?”

धर्मेंद्र मात्र खरोखर शरमला होता. म्हणाला, “वहिनी, शेवटचा फर्मा मी फुकट छापून देतो. ज्याले ज्याले पुस्तक दिलं, त्याले नेऊन द्या.”

“कोणाले देऊ?” मी म्हटलं. “सगळ्यायले तर शेवट आवडला हाये.”

हे मी बोलले आणि मग ते मलाच ऐकू आलं. तोवर मी फक्त छपाईवर चिडले होते. आता कांताबाई आठवल्या, भूमिका आठवली, अध्यक्षांची पंचवीस मिनिटं आठवली. रिक्षात बसून मी गजभिये साहेबांना फोन लावला. फार सभ्य माणूस. स्वतःच्या पुस्तकाचं वाटोळं झालेलं असूनही आधी माझंच सांत्वन करू लागले, माझा पत्ताही लिहून घेतला. मी विचारलं, “साहेब, माझ्या पुस्तकात तुमचा नंबर छापला गेलाय. रहस्यकथेत संत्री कुठून आली, असा कोणाचा फोन आला का तुम्हाला?”

“नाही हो, बाई,” म्हणाले. “एकही नाही.”

वाटून झालेल्या पावणेतीनशे प्रती आणि एकही नाही.

घरी जायच्या आधी मी कांताबाईंच्या गेटवर थांबले. त्या तूर निवडत होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “कांताबाई, पुस्तकात शेवटी कोण निघालं वं?”

त्यांनी सुपातून मानही वर केली नाही. “ज्याच्यावर संशय नव्हता तोच निघाला ना.”

कबूल करते, उत्तर उत्तम होतं. जगातल्या कुठल्याही रहस्यकथेला चालेल. भूमिकेला फोन केला तर ती म्हणाली, “काकू, मी कोणालाच शेवट सांगत नाही. तुम्हालाही नाही.” मी हसले. राग येण्यासारखं यात खरं तर काही नव्हतं. लोकांना कामं असतात. मीही लोकांची कवितांची पुस्तकं घेते, ‘फार सुंदर’ म्हणते आणि टीव्हीखाली ठेवते.

पण मधुकररावांची गोष्ट वेगळी. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि पेपर खाली घ्यायला लावला.

“शेवट ऐकवते तुम्हाले,” म्हटलं. “जमिनीपासून तीन फुटांपर्यंत खोडास मलम लावावे व आळ्यात पाणी साचू देऊ नये.”

“चांगलं हाये,” ते म्हणाले.

“चांगलं काय हाये? खून कोणी केला?”

त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग पंख्याकडे. “अवं, वाचणार होतो मी. निवांत वाचीन म्हटलं. घाईत वाचायची वस्तू हाये काय ते.”

“चार वर्षं झाली रिटायर होऊन. कशाची घाई हाये तुम्हाले?”

त्यांनी पेपरची घडी घातली. मला भांडायचंही नव्हतं, मला वाईट वाटलं होतं. हा माणूस मी लिहीत असताना दोन वर्षं त्याच खोलीत बसून होता. मी रात्रपाळीच्या गोष्टी त्यांना विचारून विचारून लिहिल्या होत्या. आणि त्या पुरणपोळ्या. मी उठले, दुसऱ्या पुस्तकाची ती चाळीस पानं घेतली आणि जुन्या लाइट बिलांच्या पेटीत घालून पेटी माळ्यावर टाकली. साठाव्या वर्षी माळ्यावर चढले, यावरून राग किती होता ते कळेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाराला दारावरची बेल वाजली. बाहेर पन्नाशीचा एक माणूस, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, एका हातात संत्र्यांची थैली, दुसऱ्या हातात गजभिये साहेबांचं पुस्तक.

“नत्थू चरडे,” तो म्हणाला. “फोन उचलून नाही राहिल्या तुम्ही. गजभिये साहेबांकडून पत्ता घेतला.”

फोन मी खरंच उचलत नव्हते. त्याला आत घेतलं, पाणी दिलं. मधुकरराव पेपर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत होते, त्यांनी मान हलवली. नत्थू सोफ्याच्या अगदी कडेला बसला आणि लगेच मुद्द्यावर आला.

“ताई, मी भांडाले आलो.”

“कशासाठी?”

“तुमचा शेवट चूक हाये.”

तीनशे प्रती, ऐंशी वाणं, अध्यक्ष, टाळ्या, आणि माझा शेवट चूक आहे असं सांगणारा हा पहिला माणूस. तोही ज्याने फक्त शेवटच वाचलाय.

“काय चूक हाये?” मी पदर खोचला.

त्याने पुस्तक उघडलं. पानाचे कोपरे दुमडलेले, एका ठिकाणी हळदीचं बोट उमटलेलं. “ती सुषमाबाई सांगते, टाकीचं झाकण तिनं एकटीनं उचललं. ताई, माझ्या घरी टाकी हाये. सिमेंटच्या झाकणाले दोन माणसं लागतात. आमच्या घरी तीन दिवसांपासून याच्यावरच वाद चालू हाये. बायको म्हणते बाईले राग आला तर ती पहाड उचलीन. मी म्हणतो राग येऊ दे, सिमेंट ते सिमेंट. तिची आत्येबहीण म्हणते दुसरा कोणी मदतीले होता, तुम्ही लपवलं. तिघांचं जमेना, म्हणून बायको म्हणाली, जा, विचारून या.”

“झाकण सिमेंटचं नाहीच हाये,” मी म्हटलं. “ते फुटलं होतं. उन्हाळ्यात कॉलनीनं पत्र्याचं बसवलं. ब्याऐंशी पानावर सरळ लिहिलं हाये, आणि सुषमाबाई तवा अंगणात वाळवण घालून राहिली होती, तिनं ते पाहिलं.”

नत्थूने आपलं पुस्तक चाळलं. “ब्याऐंशी पानावर आमच्याजवळ पांढरी माशी हाये,” तो म्हणाला.

“कोणतं झाकण?” कोपऱ्यातून मधुकररावांनी विचारलं. आम्ही लक्ष दिलं नाही.

मी आतून प्रत आणली आणि ब्याऐंशीवं पान काढून त्याच्यापुढे धरलं. त्याने ओळीखाली बोट फिरवत वाचलं. दोनदा वाचलं. मग पुस्तक उलटं करून पाहिलं, जणू मी हे पान आत्ताच आत चिकटवलं असेल. “हे तर समोरच सांगून ठेवलं तुम्ही,” तो पुटपुटला. “बरोबर हाये मग.” हरल्याचं त्याला वाईट वाटलेलं दिसलं नाही. मला म्हणाला, “पहिल्यापासून पाहू द्या जरा, अजून कुठं कुठं काय ठेवलं ते.”

त्याने पहिलं पान उघडलं. मी चहा ठेवायला आत गेले. चहा घेऊन आले तेव्हा तो कडेवरून सरकून सोफ्यात मागे टेकला होता आणि दुपट्टा बाजूला काढून ठेवला होता. मी चहा पुढे केला. त्याने हात पुढे केला, कप घेतला, टीपॉयवर ठेवला, पान उलटलं.

मी समोर बसले. लिहिणाऱ्याने कधी वाचणाऱ्याच्या समोर बसू नये. त्याची भुवई हलली की मला घाम फुटत होता. चौथ्या पानावर तो म्हणाला, “हा खरबडे मेला काय,” आणि शोकसभेत देतात तेवढा वेळ थांबला. विसाव्या पानाजवळ हसला. नेमकं कुठे हसला हे मला वाकूनही दिसेना. पुढे एकदा ‘अरे’ म्हणाला आणि चार पानं मागे गेला. त्याच्या चहावर साय धरली. मी विचारलं, “भाऊ, जेवून घ्या ना.” तो म्हणाला, “हो जी,” आणि वाचतच राहिला. दीडची बस गेली असेल, अडीचची गेली असेल, त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही.

मधुकररावांचा पेपर वाचून संपला. मग त्यांनी तो उलटीकडून एकदा चाळला. त्यांची चुळबुळ सुरू झाली. आपल्याच घरात परका माणूस आपल्याच बायकोचं काहीतरी एवढं रंगून वाचतोय, हे त्यांना सहन होईना. शेवटी ते उठले आणि नत्थूशेजारी जाऊन उभे राहिले.

“काय भाऊ,” त्यांनी हळूच विचारलं, “कोणं मारलं शेवटी?”

नत्थूने मान वर केली. “तुम्ही नाही वाचलं, साहेब?”

मधुकररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

“घरात पुस्तक असून?” नत्थू म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, तो खरोखर चकित झाला होता. “मी तर दोन गाड्या बदलून आलो. सांगून मजा नाही, साहेब. वाचा तुम्ही.”

मधुकरराव आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला, गठ्ठ्याची सुतळी तुटल्याचा आला. बाहेर येऊन ते आपल्या खुर्चीत बसले, त्यांनी पेपर खाली ठेवला आणि पहिलं पान उघडलं. मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर रडू आलं असतं, आणि पाहुण्यासमोर ते नको होतं.

सव्वातीनच्या सुमारास नत्थूने बोट पानात घालून पुस्तक मिटलं. तो नव्वदाव्या पानाच्या पुढे असावा, कारण सुषमाबाई भिशीच्या बायकांना लाडू वाटते तिथवर तो आला होता. लाडू वाटताना ती खरबडेच्या आईसाठी दोन जास्तीचे बाजूला काढते. तेवढंच आहे तिथे, दोन ओळींचं.

“ताई,” तो म्हणाला, “इनंच मारलं, हे मले माईत हाये. तीनदा वाचलं मी ते. तरी आता वाटून राहिलं, इनं मारू नये.”

मला रडू आलंच. पाहुण्यासमोर आलं.

“मलेही तसंच वाटलं होतं, भाऊ,” मी म्हटलं. “ते लिहायच्या आधी आठ दिवस मी हातात पेन धरला नाही. तिले सोडवता येते का ते पाहत होती. नाही सोडवता आलं.”

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं. नत्थूने मान हलवली, आपल्या गावातल्या एखाद्या बाईबद्दल हलवावी तशी, आणि बोट काढून पुन्हा वाचायला लागला.

“कोणती बाई?” मधुकररावांनी पानावरून डोकं वर काढून विचारलं. “कोण सुषमा? कोणाले सोडवायचं होतं?”

“वाचा,” आम्ही दोघंही म्हणालो.